कपाटातला सांबार आणि नागपूरचा मे: छोट्या ग्रो बॉक्समधली उष्णता आणि हवा

‘काहून वं, सांबाराले बी आता कूलर लागते का?’ सासूबाईंनी दारातून विचारलं तेव्हा मी मधल्या खोलीत फरशीवर बसून प्लायच्या खोक्याला चौथं भोक पाडत होते. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. विदर्भाबाहेरच्या वाचकांनी इडलीसोबतचं सांबार डोळ्यांपुढे आणू नये. ऊन तापायला लागलं की इथल्या बाजारात सांबाराची जुडी बारीक होत जाते आणि भाव चढत जातो. ग्रो बॉक्स म्हणजे घरात दिव्याच्या उजेडावर रोपं वाढवायचं खोकं. दोन फूट रुंद, दोन फूट खोल, चार फूट उंच खोकं, वर ६० वॅटचा एलईडी, खाली कुंड्या, एवढ्यावर वर्षभर हिरवं पान मिळेल असा माझा हिशेब होता. पहिल्याच मे महिन्यात खोक्यातला सांबार उगवलाच नाही, आणि शेजारच्या कुंडीतली तुळस उकडलेल्या पालकासारखी झाली.

सासूबाईंना तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर ‘हो’ असं होतं. पंखा खोक्यातली हवा फार तर खोलीइतकी थंड ठेवतो, खोलीपेक्षा थंड कधीच करत नाही. खोली ३८ अंशांवर असेल तर जगातला सगळ्यात महागडा एक्झॉस्ट लावूनही खोकं ३८च्या खाली उतरणार नाही. म्हणून नागपुरात या कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी खोली, मग वेळ, मग दिवा आणि शेवटी पंखा. मी नेमका उलटा क्रम धरला होता.

आधी दोन दिवस फक्त मोजा

काहीही विकत घेण्याआधी कमाल-किमान लक्षात ठेवणारे दोन डिजिटल तापमापक घ्या, आर्द्रताही दाखवणारे. एक खोक्यात पानांच्या उंचीवर टांगायचा, दुसरा हवा आत येते त्या भोकाबाहेर. आतल्या तापमापकावर थेट प्रकाश पडता कामा नये. कागदी कप उपडा करून, बाजूंना भोकं पाडून, त्याखाली तो लटकवा. उघडा ठेवलात तर तो हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या प्लास्टिकचं तापमान सांगेल आणि तुम्ही नसलेल्या चार अंशांमागे धावत बसाल. मे २०२४मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली. नंतर सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान खात्याने सांगितलं. शहराचा खरा मोठा आकडा २०१३च्या मे महिन्यातला, ४७.९ अंश. तोही काही कमी नाही, पण ५६ नव्हे.

दोन दिवस दर तीन तासांनी आकडे लिहा. रात्रीचे जमतील तेवढे, निदान झोपण्याआधी आणि पहाटे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर एक गंमत दिसेल. बाहेर सगळ्यात जास्त तापतं दुपारी तीन-चारला, पण घरात सगळ्यात जास्त उकडतं रात्री आठ ते दहाच्या सुमारास. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब ती उष्णता सावकाश खाली सोडतो. आमच्याकडे मेमध्ये रात्री अकरानंतर, खिडक्या उघडल्यावर कुठे खोली उतरायला लागते, आणि सगळ्यात थंड वेळ पहाटे पाच-सहाची.

या नोंदींवरून दोन गोष्टी ठरवायच्या. पहिली जागा: पश्चिमेची भिंत टाळा, स्लॅबखालचा माळा टाळा, बाल्कनी तर विसराच. घराच्या पोटातली, चारी बाजूंना खोल्या असलेली जागा उत्तम. खोकं भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांना निम्मी लढाई न लढताच जिंकता येते. मला त्यांचा हेवा वाटतो.

दुसरी गोष्ट दिव्याची वेळ. रोपाला तुमच्या घड्याळाशी देणंघेणं नाही, त्याला सलग उजेड आणि सलग अंधार हवा. मेमध्ये माझा दिवा रात्री ११ ते सकाळी ११ चालतो. म्हणजे दिव्याची उष्णता खोलीच्या सगळ्यात थंड तासांत पडते, आणि दुपारच्या भट्टीत खोक्यात अंधार असतो. टायमर सॉकेट लावला की झालं. या एका बदलाने माझ्या खोक्यातलं कमाल तापमान जेवढं उतरलं, तेवढं नंतर घेतलेल्या कुठल्याही वस्तूने उतरलं नाही. शयनगृहात खोकं असेल तर फटींतून येणारा उजेड झोपमोड करेल, एवढीच अडचण.

किती हवा लागते

बहुतेक जण खोक्याचं आकारमान काढतात आणि ‘मिनिटाला एकदा हवा बदला’ असं म्हणून पंखा घेतात. माझं खोकं १६ घनफुटांचं, म्हणजे त्या नियमाने १६ सीएफएमचा, मिनिटाला १६ घनफूट हवा हलवणारा, पंखा पुरे. इथेच फसगत होते. हवा बदलायची ती उष्णता बाहेर नेण्यासाठी, आणि उष्णता खोक्याच्या आकारावर नाही, दिव्याच्या वॅटवर ठरते. दिवा जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढीच शेवटी उष्णता होऊन खोक्यात उरते. प्रकाशसुद्धा पानांवर आणि भिंतींवर पडून उष्णताच होतो. रोप साठवतं तो वाटा हिशेबात धरण्याइतका नसतो.

सूत्र सोपं आहे. दिव्याचे वॅट गुणिले १.८, भागिले तुम्हाला चालणारा आत-बाहेरचा फरक सेल्सिअस अंशांत. उत्तर सीएफएममध्ये. माझ्या ६० वॅटसाठी, आतलं तापमान खोलीपेक्षा ३ अंशांहून जास्त वाढू द्यायचं नसेल, तर ६० × १.८ ÷ ३ = ३६ सीएफएम. आकारमानाच्या नियमापेक्षा दुपटीहून अधिक. फरक २ अंशांवर आणायचा म्हटलं तर ५४, १ अंशावर आणायचा तर १०८. बघा, शेवटचा अंश किती महाग पडतो. ३ अंशांवर समाधान माना. त्यापुढचे पैसे खोली थंड करण्यात घाला.

कॉम्प्युटरमधला १२० मिमीचा, १२ व्होल्टचा पंखा या कामाला छान. पण पंख्याच्या डब्यावर छापलेला ५० किंवा ७० सीएफएमचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, वळण, पाइप लागला की तो सहज निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली. म्हणून छापील आकडा गरजेच्या दुप्पट असलेला घ्या, नाहीतर दोन पंखे शेजारी-शेजारी लावून दोन्ही कमी वेगात चालवा. दोन मंद पंख्यांचा आवाज एका पूर्ण वेगातल्या पंख्यापेक्षा कमी येतो. एकामागे एक लावले तर हवा दुप्पट होत नाही, फक्त जाळी किंवा पाइपचा विरोध जास्त चांगला झेलला जातो. घेताना बॉल बेअरिंगचा मागा. साध्या स्लीव्ह बेअरिंगचे पंखे उष्णतेत, त्यातही आडवे टांगले की, लवकर खडखडायला लागतात.

प्रत्यक्ष किती हवा जाते ते मोजायला उपकरण लागत नाही. कचऱ्याची १०० लिटरची पिशवी घ्या, पूर्ण चपटी करा, तिचं तोंड एक्झॉस्टवर धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. सहा सेकंदांत फुगली तर सुमारे ३५ सीएफएम, बारा सेकंदांत फुगली तर निम्मे. माझ्या पहिल्या पंख्याने चौदा सेकंद घेतले होते. डब्यावर ५५ सीएफएम छापलेलं होतं.

लाकडी भिंतींतूनही थोडी उष्णता बाहेर झिरपते, आणि त्यावरून एक कबुली. खोकं ‘गरम हवेपासून वाचावं’ म्हणून मी आतून थर्माकोल चिकटवला होता. तापमान उतरण्याऐवजी दोनेक अंशांनी चढलं. कारण उघड आहे, पण मला उशिरा उमगलं: खोकं खोलीपेक्षा नेहमी गरमच असतं, मग त्याला गोधडी कशाला? उघडं १२ मिमी प्लाय बरं. लोखंडी कपाट असेल तर आणखी बरं. आतून पांढरा मॅट रंग द्या, तो उजेडही परत फेकतो. थर्माकोल मी सोलून काढला, त्याचे पांढरे दाणे अजून कुंड्यांतून निघतात.

भोकं कुठे, केवढी

गरम हवा वर चढते, म्हणून पंखा वरच्या बाजूला, दिव्याच्या पातळीच्या वर, हवा बाहेर खेचणारा. हवा आत येण्याचं भोक खाली, पंख्याच्या समोरच्या कोपऱ्यात. दोन्ही एकाच भिंतीला, वरखाली ठेवले तर हवा भिंतीला चिकटून सरळ वर निघून जाते आणि रोपं तशीच घुसमटत राहतात. तिरपी वाट असली की हवेला कुंड्यांवरून जावंच लागतं.

आत येण्याचं भोक बाहेर जाण्याच्या भोकाच्या किमान दीडपट, जमल्यास दुप्पट मोठं हवं. १२० मिमीच्या पंख्याचं तोंड साधारण ११० चौरस सेंटिमीटर, म्हणजे खालची मोकळी जागा २०० चौरस सेंटिमीटरच्या वर: दहा बाय वीसची एक फट, नाहीतर पाच-पाच सेंटिमीटरची दहा-बारा भोकं. मच्छरदाणीची जाळी लावाल तेव्हा आणखी निम्मी जागा वाढवा, कारण जाळीचे धागेच बरीच जागा खातात. तीच जाळी नागपूरच्या धुळीने पंधरा दिवसांत बुजते. ती खिळ्यांनी ठोकू नका, वेल्क्रोवर लावा, म्हणजे काढून नळाखाली धुता येईल.

तपासणी उदबत्तीने. पंखा चालू करून दार लावा आणि खालच्या भोकाजवळ उदबत्ती धरा. धूर ठामपणे आत ओढला गेला पाहिजे. मग दाराच्या फटींवरून फिरवा. सगळीकडे धूर आत जात असेल तर खोक्यात हवेचा दाब कमी आहे, म्हणजे ठीक. फटीतून धूर बाहेर ढकलला जात असेल तर पंखा उलटा बसवलाय. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो, तो आधी पाहिला असता तर माझा एक रविवार वाचला असता.

उजेड बाहेर सांडू नये म्हणून भोकावर आतून प्लायची आडवी पट्टी दोन इंच अंतरावर लावून वाट नागमोडी करा आणि तेवढाच भाग काळा रंगवा. अंतर दोन इंचांहून कमी केलं तर हवा अडते. पंखा आणि प्लाय यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला, गुरगुर निम्मी होते. पंक्चरवाले हे तुकडे असेच देतात. जाळी, बिजागऱ्या, पट्ट्या वगैरे मी इतवारीतल्या लोहा ओळीतून आणल्या. तिथे माप सांगितलं की कापून मिळतं, पण कशासाठी हवंय हे सांगायच्या भानगडीत पडू नका. पाऊण तास जातो.

बाहेर निघालेली गरम हवा परत खालच्या भोकात येऊ नये हे सगळ्यात सहज विसरलं जातं. खोकं बंद, छोट्या खोलीत असेल तर ६० वॅट रात्रभर त्याच खोलीत साठत राहतात. चार इंची लवचीक पाइपने ती हवा खिडकीपर्यंत न्या. पाइप जेवढा आखूड आणि ताणलेला, तेवढा चांगला. सैल, सुरकुतलेला आणि दोन काटकोनी वळणांचा पाइप छोट्या पंख्याचा जीव काढतो.

दिव्याला खोक्याबाहेर काढा, निदान त्याच्या डब्याला तरी

एलईडी पॅनेलला वीज पुरवणारा ड्रायव्हर, तो छोटा धातूचा डबा, स्वतःच दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत घालवतो. बहुतेक पॅनेलवर तो पाठीवर स्क्रूने बसवलेला असतो. सोडवा, वायर लांबवा आणि खोक्याच्या छतावर बाहेरून दोन लाकडी पट्ट्यांवर ठेवा, खालून हवा खेळेल असा. सहा-नऊ वॅट फुकटात बाहेर गेले. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, यात लाज नाही.

मेपुरता दिवाही मंद करा. डिमर असेल तर ६० वरून ४० वॅटवर आणा. पालेभाज्या तक्रार करत नाहीत, वाढ थोडी सावकाश होते एवढंच. ४० वॅटला ३ अंशांच्या फरकासाठी २४ सीएफएम पुरतात, म्हणजे तोच पंखा आता ऐसपैस. जुन्या सीएफएल किंवा पिवळ्या बल्बवर अजून कोणी असेल तर त्यांनी हे सगळं वाचण्याआधी दिवा बदलावा.

कूलरची हवा, आणि ती कधी निरुपयोगी ठरते

नागपूरकराला कूलर शिकवायची गरज नाही, पण तो का चालतो हे कळलं की खोक्यासाठी कसा वापरायचा ते आपोआप कळतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. तो जिथे थांबेल त्याच्या खाली कुठलाही कूलर जाऊ शकत नाही. मे महिन्यातल्या दुपारी, ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना, हा आकडा २२च्या आसपास येतो. चांगले, पूर्ण भिजलेले पॅड या वीस अंशांच्या अंतरातलं ७० ते ८० टक्के कापतात, म्हणजे कूलरच्या तोंडाशी २६ ते २८ अंशांची हवा. एवढ्या गरमीत एवढी स्वस्त थंडी दुसरी नाही. तीच हवा जुलैमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची असते, तेव्हा ओल्या फडक्याचा आकडाच २८ येतो. कूलर चालवून मिळणार दोन अंश आणि वर चिकचिक.

यात आणखी एक फायदा दडलाय. कोरड्या उन्हाळ्यात रोपांना नुसती उष्णता मारत नाही, हवेची तहान मारते. २५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेची हवा पानातून जेवढ्या जोराने पाणी ओढते, त्याच्या जवळपास पाच पट जोराने ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेची हवा ओढते. मुळं तेवढं पाणी पुरवू शकत नाहीत, मग पान आपली छिद्रं मिटून घेतं आणि वाढ थांबते. माती ओली असूनही पानांच्या कडा करपल्या तर कारण बहुधा हेच. अशा कोरड्या हवेत लाल कोळीही जोमाने वाढतो. पानाच्या मागे बारीक जाळं आणि वरून पिवळे ठिपके दिसले की समजा. कूलरची हवा तापमान आणि तहान दोन्ही उतरवते.

कसं करायचं: खोकं कूलरच्या खोलीत ठेवा, पण झोताच्या थेट समोर नाही. झोतासोबत उडणारे थेंब पॅनेलवर बसले की पांढरे क्षार जमतात आणि वायरिंगला धोका होतो. कूलरपासून सहा-सात फुटांवर, झोताच्या बाजूला, खालचं भोक कूलरकडे तोंड करून. कूलरला हवा बाहेर जायला उघडी खिडकी लागतेच. खोक्याचा पाइप त्याच खिडकीकडे न्या.

कूलर रात्रभर चालवणं परवडत नसेल तर खोक्यापुरतं छोटं सोंग करता येतं. खालच्या भोकावर एक फूट बाय एक फुटाची चौकट बसवा, तिच्यात वाळ्याची ताटी किंवा हनीकोंब पॅडचा तुकडा, वर बाटलीतून सलाईनच्या नळीने थेंब-थेंब पाणी, खाली ट्रे. पॅड फूटभर मोठं ठेवायचं कारण असं की हवा त्यातून सावकाश गेली पाहिजे. भोकाएवढाच तुकडा लावला तर छोट्या पंख्याचा दम निघतो. माझ्याकडे एप्रिलमध्ये याने आत येणारी हवा आठेक अंशांनी उतरते. वाळ्याचा वास तर बोनस. मातीच्या कुंड्याही अशाच बाहेरून पाझरून थंड राहतात, प्लास्टिकच्या काळ्या कुंड्या उन्हाळ्यापुरत्या बाजूला ठेवा. ट्रेमधलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, घासून, वाळवून घ्या. डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात.

आणि पाणी देताना नळ सोडून लगेच कुंडीत घालू नका. छतावरच्या टाकीतलं पाणी मेच्या दुपारी हात पोळेल असं असतं. रात्री बादली भरून ठेवा, सकाळी दिवा चालू असतानाच द्या. उगवून न आलेल्या माझ्या सांबाराचं निम्मं श्रेय बहुधा त्या टाकीलाच जातं. उरलेलं निम्मं धण्यांचं: ते ३० अंशांच्या वर नीट रुजत नाहीत. आता मी धणे रगडून दोन फाका करते, रात्रभर भिजवते आणि कापडात बांधून माठाशेजारी ठेवते. मोड दिसले की मगच कुंडीत. महिना-सव्वा महिन्यात कोवळा असतानाच कापते, कारण उष्णतेत तो फुलावर जायची घाई करतो. लेट्यूसचा नाद मेमध्ये करू नका. चवळाई, अंबाडी, तुळस या गरमी सोसणाऱ्या, आणि मोहरी-मुळ्याचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळी इवली रोपं, आठ-दहा दिवसांत हातात येतात.

आतला छोटा पंखा

एक यूएसबी पंखा, पानांच्या वरून वारा वाहील असा. पानं हलकी थरथरली पाहिजेत, लोळता कामा नयेत. बस.

दिवा बंद करणारा पहारेकरी

पंखा बंद पडला आणि दिवा चालू राहिला, तर वरच्या भागात पाहता पाहता दहा-बारा अंश चढतात. म्हणून दोन पहारेकरी हवेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नको.

पहिला एसटीसी-१००० सारखा थर्मोस्टॅट, म्हणजे नेमलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारा डबा. इथे एक गोंधळ हमखास होतो. आपण ‘थंड करायचंय’ म्हणून दिवा कूलिंगच्या टोकांना जोडतो, आणि मग तापमान वाढलं की दिवा लागतो. दिवा हा या खोक्यातला हीटर आहे, तो हीटिंगच्या टोकांना जोडा. नेमलेलं तापमान ३४ आणि फरक ३ ठेवला तर ३४ला दिवा बंद होईल आणि ३१ला परत लागेल. सेन्सर पानांच्या उंचीवर, सावलीत. पंखा थर्मोस्टॅटवर अजिबात टाकू नका, तो चोवीस तास चालू द्या. तीन वॅटचा पंखा महिनाभरात जेमतेम दोन युनिट खातो. दिवाच ६० वॅटने रोज बारा तास धरला तर बावीस.

दुसरा पहारेकरी ४५ अंशांना आपोआप वीज तोडणारा छोटा बायमेटल थर्मल स्विच, नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेलाच राहणारा) प्रकारचा, दिव्याच्या वायरमध्ये सलग जोडलेला, छताच्या आतल्या बाजूला. यात प्रोग्रॅम नाही, डिस्प्ले नाही, म्हणून बिघडायलाही फारसं काही नाही. थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे त्याच्या आतला स्विच, चिकटला तर हा वाचवतो.

वायर आयएसआय मार्कची, जोड चिकटपट्टीने नाही तर कनेक्टरने, आणि प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न पोचता झोक्याच्या तळाशी टपकेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पाणी आणि वीज एकाच खोक्यात ठेवण्याआधी तो बसवून घ्या. वीज जाते तेव्हा दिवा आणि पंखा दोन्ही बंद होतात, त्यामुळे तापमान फार चढत नाही, वरखालच्या भोकांतून हवा चिमणीसारखी थोडी खेळत राहते. इन्व्हर्टरवर टाकायचाच असेल तर फक्त पंखा टाका.

पावसाळ्यात सगळं उलट

जूनच्या उत्तरार्धात पाऊस स्थिरावला की सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर बदलतं. आता कूलर नको. पॅड काढून वाळवून माळ्यावर टाका, ट्रे उपडा करा. शत्रू आता उष्णता नाही, साचलेली ओल आहे. नुकती उगवलेली रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी होतात, पानांवर भुरी चढते.

या दिवसांत दिव्याची उष्णता मित्र होते. २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा खोक्यात येऊन ३ अंशांनी तापली की तिचीच आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते, पाण्याचा एक थेंबही न काढता. म्हणून पावसाळ्यातही दिवा रात्रीच ठेवा, पण कारण वेगळं: रात्री बाहेर सगळ्यात दमट असतं, तेव्हा खोकं कोमट असावं. दिवा पूर्ण ६० वॅटवर न्या. मेमध्ये नकोसा असलेला तो ३ अंशांचा फरक आता मुद्दाम राखा. दिवा बंद होण्याच्या आसपास पाणी देऊ नका, अंधार आणि ओलं पान हे बुरशीचं आवडतं जेवण. कुंड्यांमध्ये चार बोटं अंतर ठेवा आणि आतला छोटा पंखा अंधारातही चालू ठेवा. एक्झॉस्ट अर्थातच चालूच.

ऑक्टोबरच्या उन्हाची पंधरा-वीस दिवसांची उसळी मेचीच धाकटी बहीण, दिवा ४० वॅटवर आणला की निभते.

थंडी

डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर दहाच्या खाली जातं, तेव्हा खोकं घरातली सगळ्यात ऊबदार जागा होते. पंखा बंद करू नका, रेग्युलेटरने निम्म्या वेगावर आणा आणि खालच्या भोकांपैकी अर्धी झाका. लेट्यूस, पालक, मेथी, सांबार, सगळं याच दिवसांत मनासारखं येतं. पालकाला मात्र बारा तासांहून जास्त उजेड नको, नाहीतर तो फुलावर जातो. मिरची-टोमॅटोचं बी जानेवारीत घालायचं असेल तर त्याला रुजायला २५ ते ३० अंश लागतात. ट्रे खोक्याच्या आत न ठेवता छतावर, ड्रायव्हरच्या शेजारी ठेवा. चिकटून नाही, वीतभर अंतरावर, आणि पाणी झारीने नाही, फवाऱ्याने.